रविवारी डोंगर, सोमवारी दम

आमच्या घरात सोमवार कोणालाच आवडत नसे. सोमवारी संध्याकाळी दादा मिलमधून आला की आधी त्याचा श्वास जिन्यातून वर यायचा, मग तो. आम्ही लालबागला तिसऱ्या मजल्यावर राहायचो. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तो कठडा धरून उभा राहायचा, आणि शेजारची माणसं ‘काय रे, आज सोमवार काय?’ अशी सहज चौकशी करून आत जायची. वर पोचला की आई त्याच्या छातीला कोमट तेल चोळायची, भाजलेल्या ओव्याच्या पुरचुंडीनं शेकायची आणि हात चालू असतानाच त्याला झाडायची. मंगळवारी जरा कमी. बुधवारी बरं. शनिवारी तो शीळ घालत जिना चढायचा. रविवारी डोंगरावर जायचा. सोमवारी पुन्हा तेच.

“रविवारी डोंगर, सोमवारी दम,” आई म्हणायची. “आनी काय सांगूक होया तुका?”

दादा माझ्यापेक्षा थोडा मोठा. बाबांच्या जागी मिलमध्ये लागला, त्यांच्याच कार्डिंग खात्यात, जिथे कापूस पिंजून त्याचे पेळू काढतात. घरी यायचा तेव्हा त्याच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असायच्या. लहानपणी बाबांच्याही तशाच बघितलेल्या, त्यामुळे मला बरीच वर्षं वाटायचं की बाप्यांच्या भुवया संध्याकाळी पांढऱ्या होतात. बाबा दम्यानं गेले. ते बिडी ओढायचे, म्हणून बिडीनं गेले असं ठरलं. पहिल्या मजल्यावरचे एक जण तसेच गेले, ते थंड पाण्यानं आंघोळ करायचे म्हणून. आमच्या चाळीत ज्याच्या त्याच्या दम्याला ज्याचं त्याचं कारण होतं. दादा बिडीला शिवत नव्हता आणि आंघोळ कढत पाण्यानं करायचा. मग त्याच्या वाट्याला डोंगर आला.

डोंगराचं वेड त्याला मास्तरांनी लावलं. मास्तर गिरगावातल्या एका शाळेत ड्रिल शिकवायचे आणि आठवड्यातून एकदा आमच्या इथल्या व्यायामशाळेत मल्लखांबासाठी यायचे. त्यांच्या पत्नी, ज्यांना सगळेच बाई म्हणत, नऊवारीचा काचा मारून डोंगरावर मास्तरांच्या आधी पोचायच्या आणि वरून त्यांना चिडवायच्या. चौथा गडी दादाचा मित्र. तो काळाचौकीला राहायचा, दादाच्याच मिलमध्ये पण साच्यावर, म्हणजे विणायच्या खात्यात. हे चौघं म्हणजे मंडळ. त्याला नाव नव्हतं, वर्गणी नव्हती. गोदीनं निकालात काढलेला मनिला दोर, कॅनव्हासचे बूट आणि चपात्या, एवढ्यावर त्यांनी सह्याद्रीतले कितीतरी गड आणि सुळके केले. अधूनमधून मीही जायची, पण मला उतरताना भीती वाटायची आणि ती मी कधी लपवली नाही.

दादा खाली अगदी गरीब माणूस. मिलमध्ये जॉबरपुढे, म्हणजे मुकादमापुढे, मान वर न करणारा, घरी आईला उलट न बोलणारा. कड्याला हात लागला की त्याचा आवाज बदलायचा. ‘मास्तर, डावा पाय. तिथे नको, वर. वर म्हणतो ना!’ असं तो चक्क ओरडायचा आणि मास्तर मुकाट ऐकायचे. वर पोचलेल्या पहिल्या माणसानं कुकारा द्यायचा, अशी त्यांची रीत होती. कुकारा म्हणजे तोंडाशी हात धरून दिलेली लांब हाक. खालच्यांना कळावं की वाट सुटली. पहिला बहुतेक वेळा दादाच असायचा. त्याचा कुकारा दरीत फिरून परत यायचा, आणि तो परत येईपर्यंत तो मान कलती करून थांबायचा.

मुंबई कोणाची यावरून शहर पेटलं ते याच दिवसांत. मोर्चे, हरताळ, अश्रुधूर, गोळीबार, मग कर्फ्यू. दादा आणि त्याचा मित्र मोर्च्यांना जायचे आणि लाल डोळे घेऊन परत यायचे. कर्फ्यू लागला तेव्हा सगळंच बंद पडलं, आणि दादाचा श्वास मोकळा झाला. सोमवार आला आणि गेला, कोणाला कळलंसुद्धा नाही. आईला कळलं.

“बघ,” ती म्हणाली. “डोंगरार गेलस नाय, तर कसो बरो आसस!”

डोंगर बंद होता तशी मिलही बंद होती. दोन गोष्टी बंद होत्या, त्यातली आईनं एक उचलली. तिचा दोष नाही म्हणायचा असेल तर म्हणा. मला अजून राग येतो, आणि कोणावर धरावा हे कळत नाही. मिल माणसाला आजारी पाडते असं आमच्याकडे कोणाच्या मनातच यायचं नाही. मिल म्हणजे भाकरी, मिल म्हणजे बाबांची जागा. डोंगर मात्र चैनीचा होता, आणि चैन आपल्याला पचायची नाही हे आईला आधीपासून पटलेलं होतं. मिलच्या दवाखान्यातल्या डॉक्टरनंही तेच सांगितलं. ‘आराम करायच्या दिवशी डोंगर चढतोस, दुसऱ्या दिवशी दम लागणारच,’ असं म्हणून त्यानं लाल औषधाची बाटली भरून दिली. बाबा जन्मात डोंगर चढले नव्हते, मग ते कसे गेले, हे त्याला कोणी विचारलं नाही.

पुढे मोठं द्विभाषिक राज्य आलं. कच्छपासून नागपूरपर्यंत सगळा मुलूख एका गाठोड्यात बांधला गेला आणि आमची माणसं आणखीनच चिडली. एका संध्याकाळी मास्तर आणि बाई आमच्याकडे आले. मास्तरांनी जमिनीवर नकाशा पसरला आणि वरच्या कोपऱ्यात बोट ठेवलं.

“हे बघा. हे वाळवंट सध्या आपल्याच राज्यात आहे. परत करण्याआधी त्याचे डोंगर चढून घेऊ.”

दादा पोट धरून हसला आणि हसता हसता खोकायला लागला. सोमवारच होता तो. बाईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि आईला म्हणाल्या, “तिकडची हवा अगदी कोरडी असते हो. दम्याच्या माणसाला फार चांगली.”

आई तेल कोमट करायला उठली. तेव्हा मास्तरांनी हुकमाचं पान टाकलं. त्या डोंगरांतला सगळ्यात उंच जो आहे, त्याच्या माथ्यावर दत्ताचं स्थान आहे, ते म्हणाले.

“दत्त म्हाराज आसत थंय?”

“आहेत ना. अगदी टोकावर.”

“मगे ता डोंगर चढणा न्हय,” आईनं निकाल दिला. “ता दर्शनाक जाणा.” आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “तू जा गो ह्येच्यावांगडा. धापलो तर हाताक धरून खाली हाड.”

तर अशी मी त्या मोहिमेत पहारेकरी म्हणून गेले. परळच्या शाळेत मी नुकतीच शिकवायला लागले होते, नाताळची सुट्टी होती. दादानं आणि त्याच्या मित्रानं साठवलेली रजा टाकली. गाड्या बदलत बदलत भूज, तिथून धुळीनं भरलेली मोटार, आणि मोटारीचा रस्ता संपला तिथून एक उंटवाला त्याचे उंट आणि पाण्याच्या पखाली घेऊन बरोबर आला.

दादाच्या मित्रानं उंटवाल्याला विचारलं, मुंबईवरून एवढी मारामारी चाललीय, इकडे काय म्हणतात लोक? उंटवाल्याला मुंबई हे गाव आहे एवढंच माहीत होतं. त्यानं बराच विचार केला आणि विचारलं, तिथे चारा आहे का? आमच्या मास्तरांनी प्रामाणिकपणे नाही म्हणून सांगितलं. मग भांडता कशाला, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. दादा हसला, खूप वेळ हसला. तो खोकला नाही हे माझ्या लक्षात आलं, कारण तेवढ्यासाठीच मला पाठवलं होतं.

त्या डोंगरांची उंची सांगितली तर कोणीही हसेल. आपल्या कळसूबाईच्या कमरेलासुद्धा लागायचे नाहीत. पण आपल्या डोंगरात माणूस एकटा कधीच नसतो. पायथ्याला वाडी असते, चढावर कारवी असते धरायला, वर कातळात कोरलेलं पाण्याचं टाकं असतं. इथे काहीच नव्हतं. जमीन सपाट, पिवळी, मग पांढरी, आणि त्यातून मध्येच उठलेला काळपट डोंगर. दगड असा की विश्वासानं हात घालावा तर पापुद्रा सुटून हातात यायचा. सगळ्यांच्या डोक्यात पाण्याचा हिशेब होता. तोंड धुणं बंदच होतं. रात्री थंडीनं दात वाजायचे आणि दुपारी डोकं भणभणायचं. बाई तेवढ्या खूश होत्या. इथे सासूबाई यायची शक्यता नाही, असं त्या म्हणाल्या.

पहिल्या डोंगरावर दादा जपून चढला. मी त्याच्या मागोमाग, पिशवीत बाम आणि ओव्याची पुरचुंडी. दर वळणाला मी विचारायची, ‘दम लागला?’ आणि तो म्हणायचा, ‘तुला लागलाय.’ खरं होतं ते. दुसऱ्या डोंगराच्या खांद्यावर एक सुळका होता. मास्तर अर्ध्यावर गेले आणि त्यांच्या पायाखालचा दगड निखळला. ते लोंबकळले. वरच्या एका खुंट्यासारख्या दगडावरून आलेला दोर खाली दादाच्या कमरेला होता, तो टाचा रोवून मागे झुकला आणि त्यानं त्यांना धरून ठेवलं; मित्रानं दोराचा शेपटा खडकाला गुंडाळला तोवर. मास्तर खाली आले आणि तिथेच दगडावर बसले. दादा मात्र सरळ श्वास घेत होता.

“मी जातो पुढे,” तो म्हणाला.

“तुझी छाती?” मास्तर.

“छाती आहे जाग्यावर.”

तो गेला. मी खालून बघत होते. घाई नाही, झटापट नाही. दगडावर आधी टिचकी मारायचा, आवाज ऐकायचा, मग भार द्यायचा. पोकळ वाजला तर तो सोडून दुसरा. आमच्या आईनं बाजारात नारळ निवडावा तसं चाललं होतं. टोकावर उभा राहून त्यानं दोर खाली सोडला आणि एकेकाला वर घेतलं. मलाही घेतलं, रडत होते तरी. वर पोचल्यावर मी त्याच्या छातीला कान लावला. आत शांत होतं. बाबांच्या आजारापासून घरघर ऐकायची इतकी सवय झालेली की ती शांतता मला खरी वाटेना. मी पुन्हा कान लावला. तो म्हणाला, “आता काय आईला तार करतेस?”

शेवटचा दत्ताचा डोंगर, त्याचं नावच काळा डोंगर. एका अंगानं यात्रेकरूंची वाट होती, ती आमच्या लोकांनी अर्थातच घेतली नाही. रणाकडच्या बाजूनं एक ओबडधोबड घळ वर जात होती, तिच्यातून चढले. दादा पुढे. बघता बघता तो दिसेनासा झाला आणि मग वरून त्याचा कुकारा आला. एवढा लांब, एवढा भरलेला कुकारा मी त्याच्या तोंडून कधीच ऐकला नव्हता. आम्ही पोचलो तेव्हा तो कड्याच्या धारेवर मान कलती करून उभा होता. समोर नजर जाईल तिथवर मिठाचं पांढरं रण, एक उंचवटा नाही, एक झाड नाही.

“परत येत नाय गो,” तो मला म्हणाला.

“कशावर आपटून येणार?” दादाचा मित्र म्हणाला. “समोर आहे काय?”

दादानं आणखी एक दिला. गरज नव्हती, सगळे वर आलेले होते. छातीत जागा आहे म्हणून दिला. मग आणखी एक. मास्तर बाईंना म्हणाले, बघा, आता हा थांबायचा नाही. मला त्या वेळी इतका आनंद झाला की मी मूर्खासारखी टाळ्या वाजवायला लागले. आयुष्यात पुढे पुष्कळ गोष्टी झाल्या, लग्न झालं, मुलं झाली, पण तसला आनंद पुन्हा झाला नाही. हे सरळच सांगते.

देवळात आम्ही दर्शन घेतलं. दादाचा मित्र बाहेरच बसला. त्यानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती, आणि तो कोणाच्या श्रद्धेत बोट घालायचा नाही, आपल्यातही घालू द्यायचा नाही. दादा अंगारा घेऊन बाहेर आला आणि त्याच्या शेजारी बसला.

“इथेच राहिलो तर रे?”

“खाशील काय? मीठ?”

“मीठ तरी आहे,” दादा म्हणाला.

परतीच्या गाडीत प्रत्येकानं दादाला बरं करण्याचं श्रेय वाटून घेतलं. मास्तर म्हणाले कोरडी हवा. बाई आधी हवेच्या बाजूच्या होत्या, मग त्या दत्ताकडे गेल्या. दादाचा मित्र म्हणाला, बोंबाबोंब नाय, पोलीस नाय, डोकं शांत झालं म्हणून छाती शांत. मी म्हटलं उंटाच्या दुधाचा चहा. इतके दिवस दादा कार्डिंग खात्यात नव्हता, असं कोणी म्हणालं नाही. दादासुद्धा म्हणाला नाही.

आम्ही रविवारी घरी पोचलो. दादा शीळ घालत तिसरा मजला चढला, तेही माझी वळकटी खांद्यावर घेऊन. आईनं त्याच्यावरून मीठमोहऱ्या ओवाळल्या. काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि वडे केले, शेजाऱ्यांना बोलावून अंगारा लावला. “दत्तान माझो झील परत दिल्यान,” ती ज्याला त्याला सांगत होती.

सोमवारी तो पहिल्या पाळीला गेला.

त्याला दोघांनी धरून आणलं. जिन्यात तो प्रत्येक पायरीवर बसला. आडवा होऊ शकेना, म्हणून भिंतीशी वळकट्या रचून त्याला टेकवून बसवलं. नखं निळसर दिसत होती. तो श्वास आत ओढायचा आणि तो बाहेर सोडायला त्याला सगळं अंग लावावं लागायचं. इतका वाईट सोमवार आम्ही आधी बघितलेला नव्हता, आणि मंगळवारही तसाच गेला. आईनं तेल लावलं, शेकलं, पण या वेळी ती त्याला बोलली नाही. मला तिच्या त्या गप्प बसण्याचीच जास्त भीती वाटली. कारण आता तिला शंका उरलेली नव्हती. इतके डोंगर, तेही सलग, तेही परक्या मुलखातले. सगळे एकदम अंगावर आले होते.

तो जरा सावरल्यावर तिनं गाऱ्हाणं घालायचं ठरवलं. आमच्या कोकणातल्या माणसांचं हे असतं. नारळ, विडा ठेवून एक जाणता माणूस देवाला मोठ्यानं सगळं सांगतो, आणि प्रत्येक वाक्यानंतर जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. ज्यानं म्हटलं तो त्या शब्दाला बांधला गेला. आमच्या गावचे एक काका चाळीतच राहायचे, त्यांचा गाऱ्हाण्याचा आवाज नाक्यापर्यंत जायचा. आईनं सगळ्या मंडळाला निरोप धाडला. मास्तर-बाई गिरगावातून आले. दादाचा मित्र पाळी सुटल्यावर आला आणि दाराशी उभा राहिला.

“बा देवा म्हाराजा,” काकांनी सुरुवात केली, “आज ह्या लेकराक जा काय छातयेचा दुखणा लागला हा, ता दूर कर म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“कळत न कळत जी काय चूक झाली आसात, ती पदरात घे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आजपासून ह्यो डोंगराक पाय लावचो नाय म्हाराजा! ह्येचे सांगाती ह्येका न्हेवचे नाय म्हाराजा!”

मास्तर म्हणाले, बाई म्हणाल्या, मी म्हटलं. दादा भिंतीला टेकून बसला होता. दोन शब्द म्हणायला त्याला दोन श्वास लागले, पण त्यानं ते म्हटले. दाराशी मात्र आवाज झाला नाही. आईनं वळून बघितलं.

“काकी, मी देवाला नाय बोलणार,” दादाचा मित्र म्हणाला. “तुम्हाला बोलतो. मी त्याला न्यायला येणार नाय.”

आईला तेवढं पुरलं. काकांनी नारळ फोडला आणि आम्ही खोबरं खाल्लं.

दादानं शब्द पाळला. मनिला दोर गॅलरीत बांधला गेला आणि त्याच्यावर आमचे कपडे वाळायला लागले. रविवारी तो तिथेच स्टुलावर बसायचा. मास्तर काही दिवस येत राहिले, मग त्यांनाच अवघड व्हायला लागलं. डोंगराविषयी बोलावं तर पंचाईत, न बोलावं तर बोलायला काय? पुढे मंडळ मोडलंच. दादाचा मित्र एकटाच कुठे कुठे जायचा. त्याच्या बुटांवरची माती बघून दादा ओळखायचा, पण विचारायचा नाही.

आणि सोमवार चालूच राहिले. डोंगर गेला तरी दम गेला नाही. आधी मंगळवारपर्यंत पसरला, मग बुधवारपर्यंत. शनिवारची शीळ बंद झाली. मी एकदा आईला म्हटलं, आता तर तो कुठेच जात नाही, मग हे काय? ती म्हणाली, “आधी केलला आता अंगार येता.” मग मी दादावर चिडले. तुला काहीच कसं वाटत नाही, बैलासारखा बसून राहतोस, असं बरंच बोलले.

“शब्द दिलाय गो,” तो म्हणाला.

“देवाला?”

“आईला.”

महाराष्ट्र झाला त्या दिवशी रविवार होता. सगळ्या लालबाग-परळात दिवे, तोरणं, ढोल. आमच्या गच्चीवरून रोषणाई दिसते म्हणून सगळी चाळ संध्याकाळी वर गेली. दादा स्टुलावर बसून राहिला, कारण गच्चीचा जिना त्याला झेपायचा नाही. ज्या राज्यासाठी त्यानं अश्रुधूर खाल्ला त्याचे दिवे बघायला त्याला एक जिना चढता येत नव्हता. तेवढ्यात त्याचा मित्र आला, पाठमोरा खाली बसला आणि म्हणाला, “चल, बस.” दादा त्याच्या पाठीवर बसला. आई दारात आली. डोंगराक पाय लावचो नाय, असं गाऱ्हाण्यात म्हटलं होतं. पाय काही लागत नव्हते. ती बाजूला झाली.

वर दादा कठड्याला टेकून दिवे बघत होता.

“काळा डोंगर गेला मग,” तो म्हणाला. “गुजरातेत.”

“जाऊ दे,” मित्र म्हणाला. “पाणी पण नव्हतं तिथे.”

दादानं हात तोंडाशी नेला. मला कळलं तो काय करतोय. आवाज फुटला नाही, नुसती हवा आली, मग खोकला आला आणि मित्रानं त्याला खाली बसवलं. खालून ढोल इतके वाजत होते की आमच्याशिवाय कोणाचं लक्ष गेलं नाही. दुसऱ्या दिवशी सोमवार होता आणि भोंग्याला तो कामावर गेला.

पुढे थोड्याच वर्षांत दादा गेला. बाबा गेले त्याहून लहान वयात. त्याच्या दम्याचं कारण चाळीत सगळ्यांना माहीत होतं. आई सांगायची, वेळेवर आवरला म्हणून एवढा तरी टिकला. तिच्या म्हातारपणाला तेवढाच आधार होता.

तिला कमी ऐकू यायला लागलं त्या दिवसांतली गोष्ट. तिचा खोकला राहीना म्हणून मी तिला परळच्या एका इस्पितळात छातीच्या डॉक्टरला दाखवायला नेलं होतं. आमच्या पुढे एक कोकणातला माणूस होता, भुवया तशाच पांढऱ्या. डॉक्टरीण कोवळी पोर होती. तिनं त्याला नाव विचारलं, काम विचारलं, आणि लगेच विचारलं, “सोमवारी जास्त होतं का?”

मी बाकावरून उठले.

“सुट्टीच्या दिवशी बरं वाटतं, आणि सुट्टीनंतर कामावर गेलं की छाती आवळते?” तो हो म्हणाला. “कापसाची धूळ आहे ही,” ती म्हणाली. “सुट्टीत छाती मोकळी होते, परत गेलात की पहिल्याच दिवशी धरते. जितकी मोठी सुट्टी तितका त्रास जास्त. ते खातं सोडायला लागेल तुम्हाला.” इतकं साधं होतं. तिला ते पुस्तकात शिकवलेलं होतं आणि ती पुढचा कागद बघायला लागली.

तो माणूस येऊन आईच्या शेजारी बसला. आईनं सगळ्यातला सोमवार तेवढा ऐकला होता.

“सोमवारी दम लागता तुका?”

“व्हय, काकी.”

“मगे रविवारचो डोंगर चढू नको हां, बाबा. माझो झील आधी ऐकूक नाय. मगे ऐकल्यान, म्हणान थोडी वर्सा तरी गावली.”

तो माझ्याकडे बघायला लागला. मग तिच्याकडे वळून म्हणाला, “डोंगर? काकी, मी जल्मात डोंगर चढूक नाय. मी कार्डिंगात आसंय.”

“कार्डिंगात?” आई म्हणाली. “माझो झील पण.”

ती त्याच्या भुवयांकडे बघत राहिली. मग तिनं माझा हात धरला.

“गो, ती डाक्तरीण काय म्हणाली त्येका?”

“तेल लावून शेकायला सांगितलंय, आई.”

“ता तर मी करी होतंय,” ती म्हणाली. “दर सोमवारी.”